खुंटीवरची नावं

दैवशालाने अर्धं ब्लेड चिमटीत धरलं आणि कापडाच्या कोपऱ्यातला ‘अंतिम’ हा शब्द खरवडायला घेतला.

भुजंगरावांचा चहाचा पेला ओठांपाशी येऊन थांबला. नकाशे काढण्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती आणि एवढ्या वर्षांत ‘अंतिम’ खरवडताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. फार झालं तर लोक त्याच्यापुढे ‘सुधारित’ असं जोडायचे. टेबलावर नऊ नंबरच्या नकाशाची सात कापडं पसरली होती. एकावर ‘अंतिम’, दुसऱ्यावर ‘सुधारित अंतिम’, तिसऱ्यावर ‘अंतिम – नवीन’, चौथ्यावर ‘अंतिम (मोठे साहेब)’. पाचव्यावर कुणीतरी नुसतंच ‘हेच’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

“काय करायलीस, बाई?”

“काका, ह्या सातातलं खरं कोणतं?”

भुजंगरावांनी फारसं न बघताच तिसऱ्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात ओव्हरसियर बन्सीधर आत आला. तिने त्यालाही तेच विचारलं, तर त्याने ‘हेच’वर हात ठेवला. सटवाजी शिपायाला कुणी विचारलं नव्हतं, पण किटली खाली ठेवून त्याने सांगितलं की, ज्याच्यावर चहाचा गोल डाग आहे ते खरं, कारण मोठ्या साहेबांनी कप त्याच्यावरच ठेवला होता.

दैवशालाने तिघांचंही ऐकून घेतलं आणि पुन्हा खरवडायला लागली.

तिला येऊन पंधरा दिवस झाले होते. परभणीच्या आयटीआयमधून नकाशाचं काम शिकलेली, सहा महिन्यांच्या हंगामी हुकमावर आलेली. आईबाप वर्षातले पाच-सहा महिने उसाला जाणारे. माणसं जोखायचा भुजंगरावांना नाद होता. कचेरीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाचं एक पान त्यांच्या डोक्यातल्या वहीत उघडायचं आणि त्यावर जमेची आणि नावेची अशा दोन बाजू असायच्या. बन्सीधर: हात चपळ, कान नाहीत. सटवाजी: चहा उत्तम, मत प्रत्येक गोष्टीवर. दैवशालाच्या पानावर पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं: अक्षर बरं, रेघ सरळ, बोलणं कमी. आज नावेच्या बाजूला एक ओळ पडली: स्वतःला शहाणी समजते.

पाथरीच्या त्या कचेरीतलं काम ऐकायला सोपं होतं. लोखंडी कपाटात गावागावाच्या शिवाराचा मूळ नकाशा. त्याच्यावर निळसर, पारदर्शक, खळ दिलेलं ट्रेसिंगचं कापड अंथरायचं, खालच्या रेघा वर उतरवून घ्यायच्या आणि ते कापड घेऊन शिवारात जायचं. कालव्याची चारी कुठे वळवायची, पूल कुठे घालायचा, ते कापडावर काढून आणायचं. मग तेवढा बदल मूळ नकाशावर उतरवायचा. शेवटचं हे काम सगळ्यांत सोपं, म्हणून ते कुणीच करत नव्हतं. प्रत्येकाचा बदल ज्याच्या त्याच्या कापडावर, आणि प्रत्येकाचं कापड अंतिम.

दुसऱ्या दिवशी दैवशालाने भिंतीवरच्या खुंट्या मागितल्या. बारा होत्या. कोट कुणी घालत नव्हतं, त्यामुळे एकोणीसशे साठ सालापासून त्या रिकाम्याच होत्या. प्रत्येक खुंटीखाली तिने पुठ्ठ्याची एक पट्टी अडकवली आणि पट्टीवर नाव लिहिलं. ओढ्याचा पूल. शाळेमागची चारी. विहीर-वळण.

भुजंगरावांना हा पोरखेळ वाटला. सरकारी कामाला नंबर असतो, नाव नसतं, असं त्यांनी सांगून पाहिलं. तिने ‘नऊ-ब’ आणि ‘नऊ-क’ अशी दोन कापडं त्यांच्यापुढे धरली आणि त्यांच्यात काय फरक आहे ते विचारलं. भुजंगरावांनी चष्मा पुसला. मग त्यांनी सुचवलं की, नाव द्यायचंच तर माणसाचं द्यावं, म्हणजे ‘किशनरावांचं’, ‘बन्सीधरचं’.

“माणसाची बदली हुती, काका. कामाची न्हाई हुत.”

“मग नवीन, जुनं असं तरी लिही.”

“नवं किती दिवस नवं ऱ्हातंय?”

एवढं बोलून तिने एक वही उघडली आणि तीत रकाने आखले. कापडाचं नाव. कुणाच्या हातात. बाहेर कधी गेलं. आत कधी आलं. आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद रकाना: उतरवलं. कापडावरचा बदल मूळ नकाशावर गेला की त्यात तिची सही पडायची. सही पडल्यावरच कापड खुंटीवरून निघून जुन्या पेटीत जायचं आणि पट्टीवरचं नाव पुसलं जायचं. सही नाही तर कापड जागचं हलायचं नाही. आणि एक काम एकाच कापडावर. त्याच कामाचं दुसरं कापड कुणालाही मिळणार नाही.

ह्या शेवटच्या नियमावर बन्सीधर आपटला. त्याला विहीर-वळणाचं कापड हवं होतं आणि ते मोजणी करणाऱ्या किशनराव साहेबांकडे शिवारात गेलेलं होतं. त्याने दुसरं काढून मागितलं. तिने नाही म्हटलं. तो म्हणाला, मी ओव्हरसियर आहे. ती म्हणाली, हो. मग मी काय करू, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने शांतपणे सुचवलं की, किशनराव साहेबांच्या शेजारी जाऊन बसा, नाहीतर शाळेमागची चारी मोकळी आहे, ती घ्या. बन्सीधरने भुजंगरावांकडे पाहिलं. भुजंगराव खिडकीबाहेर बघत होते. बन्सीधर शाळेमागची चारी घेऊन गेला आणि आठ दिवसांत पुरी करून आला. त्याआधी सहा महिने त्याच चारीवर तीन माणसं तीन कापडं घेऊन काम करत होती.

त्या दिवशी भुजंगरावांनी डोक्यातल्या वहीत नावेची ती ओळ खोडली. जमेला घेतली नाही. नुसती खोडली.

सटवाजीला मात्र ह्या सगळ्याची गंमत वाटायची. नवी पट्टी लागली की तो हात पुढे करायचा.

“बाई, आज कोणाचं बारसं? घुगऱ्या कवा?”

एकदा जेवणाच्या सुट्टीत भुजंगरावांनी तिला विचारलं, हे सगळं आयटीआयत शिकवतात का. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “न्हाई. हे उसाच्या फडातलं.” आणि मग नेहमीपेक्षा जरा जास्त बोलली. गावात त्यांचं घर एकच. कारखान्यावर गेलं की खोपी तीन. बापाची, चुलत्याची, मामाची. एका उसाच्या ओळीत दोन कोयते घालायचे नाहीत, एवढं पोरांनाही ठाऊक. हंगाम संपला की खोप मोडायची आणि असेल नसेल ते घरी आणायचं.

“खोप मोडायच्या आदी आमची आजी आत जाऊन चारी कोपरे हातानं चाचपायची. एका साली चाचपली न्हाई. मायची जोडवी राहिली. फुडच्या साली गेलो तवा तिथं नांगर फिरला व्हता.”

जेवण झाल्यावर भुजंगरावांनी स्वतः उठून एका खुंटीखालची पट्टी सरळ केली.

आता त्या कापडांचा एक जुना दस्तूर सांगायला हवा. ट्रेसिंगचं कापड कोमट पाण्यात भिजवून धुतलं की खळ सुटते, शाई सुटते आणि खाली उरतं ते लोण्यासारखं मऊ सुती कापड. नकाशाच्या कचेरीतल्या माणसांच्या घरी तान्ह्या पोरांची पहिली झबली बाजारातून येत नाहीत. कालव्याचे किती मैल अशा पाळण्यांत झोपले असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. भुजंगरावांची तिन्ही पोरं वेगवेगळ्या तालुक्यांच्या शिवारात गुंडाळली गेली होती. आता थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते, आणि केशरबाईंनी नवऱ्याला तीनदा आठवण करून दिली होती.

दैवशालाला येऊन आता साडेपाच महिने झाले होते. त्या शनिवारी दुपारी ती टपाल द्यायला गेली असताना भुजंगरावांनी खुंट्यांवरून हात फिरवला. एक कापड सगळ्यांत वापरलेलं होतं. कडा झिजलेल्या, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. कापडाचं आयुष्य संपलेलं त्यांना स्पर्शाने कळायचं, त्यासाठी पट्टी वाचायची गरज एकोणतीस वर्षांत पडली नव्हती. चष्मा खिशातच होता. त्यांनी कापडाची घडी केली, पिशवीत घातली आणि घरचा रस्ता धरला.

सोमवारी सकाळी बन्सीधर बातमी घेऊन आला. बुधवारी मोठे साहेब येणार, नऊ नंबरच्या मूळ नकाशावर सही करणार, आणि गुरुवारपासून ठेकेदार पेडगावच्या शिवारात खोदायला लागणार. मंगळवारी विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर बंद होता, तेव्हा जे करायचं ते आजच. दैवशालाने वही पाहिली. नऊ नंबरचं एकच काम उतरवायचं राहिलं होतं. विहीर-वळण. किशनरावांनी गेल्या आठवड्यात, बदलीवर जायच्या दिवशी, ते कापड आत दिलं होतं.

खुंटी रिकामी होती.

मग कपाटं उघडली गेली, पेटी उलटी झाली, सटवाजी टेबलाखाली शिरला. किशनराव आता कोकणात होते. पत्र जाऊन यायला पंधरा दिवस. शिवाय ते जागेवर उभं राहून थेट कापडावरच रेघ मारायचे, त्यांच्या टाचणवहीत गाडीभाड्याशिवाय काही सापडणार नव्हतं. दैवशाला मात्र शोधत नव्हती. ती खुंटीपाशी उभी होती.

“बगा,” बन्सीधर म्हणाला. “बारा खुंट्या, एक वही, आन कापड गायब. आमची सात ‘अंतिम’ बरी व्हती की. एक गेलं तर सहा उरायची.” मग आवाज खाली आणून त्याने आठवण करून दिली की, तिच्या हंगामी हुकमाची मुदत महिनाअखेर संपते आणि पुढचा हुकूम मोठे साहेबच काढतात.

दैवशालाने त्यावर हुकमाची गोष्ट काढलीच नाही.

“वळण न्हाई गेलं तर मुळात जुनीच रेघ ऱ्हाती. जुनी रेघ तानुबाईच्या इहिरीतून जाती.”

भुजंगरावांना त्या क्षणी तेलाचा डाग आठवला.

ते जेवणाच्या सुट्टीत घरी गेले. अंगणातल्या दोरीवर चार झबली वाळत होती. पाचवं केशरबाईंच्या मांडीवर, सुई त्यात अडकलेली. भुजंगरावांनी एकेक झबलं उन्हाकडे धरून पाहिलं. पांढरं, स्वच्छ, मऊ. एकाच्या घडीत, शिवणीच्या आत, लाल शाईचा फिका डाग होता. फार बारकाईने पाहिलं तर ‘वळ’ असं वाचता येत होतं, आणि ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच.

“जेवायला वाढू का?”

“भूक न्हाई.”

“झबली मऊ झाली ना?”

“लय मऊ झाली,” ते म्हणाले आणि चप्पल घातली.

कचेरीत परतल्यावर त्यांनी खुर्चीत न बसताच सटवाजीला मोजणीची साखळी काढायला सांगितली. पेडगावला जाऊन पुन्हा मोजू, म्हणाले. आजच. सटवाजीने आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या गादीला भुजंगरावांचा आकार आला होता. शिवारात ते शेवटचे कधी गेले होते, ते सांगणारा माणूस निवृत्त झाला होता. बन्सीधर हसला. दैवशालाने नवं कापड गुंडाळलं, शाई, टाक आणि वही पिशवीत घातली आणि दारात जाऊन उभी राहिली.

परभणीची एसटी धरून, पेडगावच्या रस्त्याला उतरून, बांधाबांधाने ते दोघं विहिरीवर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. साठीची तानुबाई विहिरीच्या काठाला पाय सोडून बसली होती. ह्या विहिरीचा दगड नवऱ्यानं आणि तिनं मिळून उचलला होता, हे तिने पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जावं.

“किशनराव मोजून गेले. त्याच्या आदी एक चष्म्यावाला मोजून गेला. आता तुमी. इहीर काय दरसाल वाढायलीय का?”

“मागचं मोजलेलं हरवलं, मावशी,” दैवशाला म्हणाली. “खुंटे कुठं ठोकले व्हते, ध्यानात हाय का?”

“माझी इहीर, अन् ध्यान तुमच्या साहेबाला ठिवायचं व्हय?”

तानुबाई उठली. पाच खुंटे होते. तीन जागच्या जागी. त्यातल्या एकाला तिने शेळी बांधली होती, कारण सरकारनं एवढा पक्का ठोकलेला खुंटा वाया का घालवा. चौथा शेजाऱ्याने बैलासाठी उपटून नेला होता, पण भोक शाबूत होतं. पाचवा चुलीत गेला होता. त्याच्या जागी तिने फक्त चालत जाऊन टाच रोवली.

“हितं. वितभर हिकडं न्हाई, वितभर तिकडं न्हाई.”

साखळीचं एक टोक खुंट्याला अडकवून दुसरं भुजंगरावांनी धरलं. धोतराला कुसळं चिकटली, कपाळावरून घाम चष्म्यात उतरला, आणि दैवशाला “आणखी एक पाऊल, काका” म्हणेल तिकडे ते सरकत राहिले. ती गुडघ्यावर फळी घेऊन बसली होती. एकेक खुंटा कापडावर ठिपका होऊन येत होता. पाचवा ठिपका पडला, तिने टाक बुडवला आणि विहिरीला पंधरा पावलं बाजूला ठेवून जाणारं वळण एका दमात काढलं. हात थांबला नाही, जाड-बारीक झाला नाही. अशी रेघ ज्याला जमते तो ती पुन्हा बघत नाही. तिनेही बघितली नाही. बघितली ती भुजंगरावांनी.

तानुबाई वाकून कापडाकडे बघत राहिली. विहिरीचा गोल तिला ओळखू आला.

“ही माजी?”

“तुमची.”

“मंग हे कापड तरी जपा, साहेब,” ती भुजंगरावांना म्हणाली आणि शेळीकडे गेली.

भुजंगराव विहिरीच्या काठावर बसले. साखळी हातातच होती.

“ते मी नेलं,” ते म्हणाले. “शनिवारी. झबल्यांसाठी. पट्टी वाचली नाही.”

दैवशाला टाकाचं टोक चिंधीने पुसत होती. पुसून झाल्यावर तिने पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरली. विहीर-वळण. किशनराव. बाहेरची तारीख, आत आल्याची तारीख. ‘उतरवलं’चा रकाना कोरा. आणि त्याच्या खाली, पेन्सिलीने, अगदी फिकट: शनिवार. भुजंगराव काका. घरी.

“तुला ठाऊक होतं.”

“टपालाहून आले तवा तुमी पिशवी घेऊन फाटकात व्हता. कड बाहेर दिसायली व्हती. मला वाटलं, घरी बसून तपासणार असाल. मंग सकाळी तुमचं तोंड बघितलं.”

“मग सगळ्यांसमोर बोलली का नाहीस? बन्सीधर एवढं बोलला.”

“लिहिलं व्हतं की.”

वहीच्या घडीत एक खोडरबर ठेवलेलं होतं. कोरं, चारी कोपरे धारदार, कुठेच पेन्सिल न लागलेलं. ती फिकट ओळ त्याने केव्हाही पुसता आली असती. भुजंगरावांनी टाक मागितला, मांडीवर वही घेतली आणि तिच्या फिकट अक्षरांवरून काळी शाई फिरवली. त्यांच्या अक्षराची तालुक्यात ख्याती होती. स्वतःचं नाव त्यांनी त्याच अक्षरात, तेवढ्याच सावकाश लिहिलं. खाली सही केली.

“बुधवारी साहेबांपुढं ही वही मी उघडीन. तू बोलायचं नाहीस.”

तिने मान हलवली. शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली.

“आणि मी आज बोललोच नसतो तर?”

दैवशालाने खोडरबर उचललं आणि पिशवीच्या तळाशी टाकलं.

“चला काका. पाथरीची गाडी चुकंल.”

एसटीत गर्दी होती. तिला खिडकीपाशी जागा मिळाली आणि नव्या कापडाची गुंडाळी ती दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून बसली, कडांना कुणाचा धक्का लागू नये म्हणून. भुजंगराव दांडीला धरून उभे होते. त्यांनी डोक्यातली वही काढली, तिचं पान उघडलं. अक्षर बरं. रेघ सरळ. बोलणं कमी. मधली ती खोडलेली ओळ. त्याखाली ते खोडरबर लिहायचं होतं. ते जमेला धरायचं तर कशाच्या नावानं, हे ते ठरवत राहिले. मानवतचा थांबा आला, माणसं उतरली, सीट रिकामी झाली तरी त्यांना रकाना सापडला नव्हता, आणि ते उभेच होते.